आधी पैसे, मग गाणं

सत्तरच्या दशकात चक बेरी या रॉक अँड रोलच्या अमेरिकन गायक-गिटारवादकाचा कार्यक्रम ठरवणाऱ्याला फार खटाटोप करावा लागत नसे. ठरलेली रक्कम स्टेजवर पाऊल ठेवण्याआधी हातात, तीही रोख. फेंडर कंपनीचे ड्युअल शोमन जातीचे दोन अँप्लिफायर. आणि त्याची गाणी येत असलेले तिथलेच वादक. तो स्वतः गाडी चालवत एकटाच यायचा, सोबत फक्त गिटार. पैसे घ्यायचा, वाजवायचा, गिटार केसमध्ये ठेवायचा आणि निघून जायचा.

1973 साली मेरीलँडमधल्या अशाच एका कार्यक्रमात साथीला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा बँड होता. पुढे रॉकचा मोठा तारा झालेला स्प्रिंगस्टीन तेव्हा विशीतला, फारसं नाव न झालेला. बेरी अगदी कार्यक्रमाच्या तोंडावर उगवला. पोरांनी घाबरत विचारलं, कुठली गाणी वाजवायची? उत्तर आलं, चक बेरीची. तालीम नाही, यादी नाही, पट्टी कुठली तेही नाही. त्यानं तार छेडली की मागच्यांनी धावत सुटायचं. हा किस्सा स्प्रिंगस्टीननं पुढे कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगितला आहे, पण त्या रात्री त्याला घाम फुटला असणार.

बेरीबद्दल लिहिणारे बहुतेक जण हे सगळं त्याच्या चिकटपणाचे किस्से म्हणून सांगतात. मला ते तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. तरुणपणी काही वर्षं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपती, नवरात्र, एखाद्या साखर कारखान्याचा वर्धापनदिन. कार्यक्रम दणक्यात व्हायचा, वन्स मोअर मिळायचा, आणि रात्री उशिरा आम्ही वायरी गुंडाळत असताना मंडळाचे खजिनदार कुठेही सापडायचे नाहीत. 'आत्ता होते इथे.' 'उद्या येऊन जा ना.' पाकीट मिळालंच तर त्यात ठरल्यापेक्षा कमी असायचं, वर 'पुढच्या वर्षी तुम्हीच' असं आश्वासन. आमच्यातला ढोलकीवाला म्हणायचा, टाळ्या वाजल्यावर पैसे मागणारा भिकारी दिसतो, आधी मागणारा कलाकार दिसतो. बेरीची ती आधी रोख पैसे घेण्याची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो ढोलकीवालाच आठवला.

बेरीचा हा हिशेब सुरू झाला 1955 साली. तोवर तो 28 वर्षांचा, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला माणूस होता. मे महिन्यात तो सेंट लुईसहून शिकागोला गेला, मडी वॉटर्स या ब्लूज गायकाचं गाणं ऐकलं आणि त्यालाच विचारलं की रेकॉर्ड काढायची तर कुणाकडे जाऊ. मडीनं चेस रेकॉर्ड कंपनीच्या लेनर्ड चेसचं नाव सांगितलं. बेरी घरी रेकॉर्ड केलेली टेप घेऊन चेसकडे गेला. त्याचा सगळा भरवसा होता 'वी वी अवर्स' या संथ ब्लूजवर, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यावर, कारण ब्लूजची कंपनी म्हटल्यावर ब्लूजच लागणार. चेसचे कान टवकारले ते दुसऱ्याच गाण्याला. 'आयडा रेड' या जुन्या, गोऱ्या खेडवळ चालीवर बेरीनं केलेलं ते गमतीचं गाणं होतं. 21 मे रोजी ते 'मेबलीन' या नव्या नावानं रेकॉर्ड झालं. प्रेमात दगा देणारी मुलगी आणि तिच्या मागे लागलेली गाडी, एवढाच मामला. ते तुफान खपलं.

पहिला रॉयल्टीचा कागद हातात आला तेव्हा बेरीला कळलं की 'मेबलीन' तीन जणांनी लिहिलं आहे. एक तो स्वतः. दुसरा ॲलन फ्रीड, न्यूयॉर्कच्या रेडिओवर तबकड्या लावणारा प्रसिद्ध निवेदक. तिसरा रस फ्रॅटो, चेसच्या धंद्यातल्या ओळखीचा. दोघांनी त्या गाण्यातला एक शब्दही लिहिलेला नव्हता. फ्रीडनं गाणं रेडिओवर वारंवार लावायचं आणि त्या बदल्यात गीतकाराच्या पैशात त्याचा वाटा, अशी ती व्यवस्था होती आणि ती फक्त बेरीला माहीत नव्हती. ती दोन नावं निघून गाणं पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायला 1986 साल उजाडलं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट त्यानं आत्मचरित्रात सांगितली आहे. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला एका नाचाच्या कार्यक्रमाचं त्याला बोलावणं होतं. तो दारात पोचला तेव्हा आयोजकांचे चेहरे पडले. 'मेबलीन' गाणारा माणूस काळा असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचे उच्चार इतके स्वच्छ, चाल इतकी खेडवळ गोरी, की रेकॉर्ड ऐकून तसा समज होणं साहजिक होतं. त्याला बाहेरूनच परत पाठवण्यात आलं. आत दुसऱ्या कुणीतरी ती गाणी वाजवली.

हे स्वच्छ उच्चार आले कुठून, तर घरातून. सेंट लुईसच्या 'द व्हिल' नावाच्या वस्तीत काळ्या मध्यमवर्गाची घरं होती. वडील बांधकामाची कंत्राटं घ्यायचे आणि चर्चच्या कारभारात असायचे, आई शिक्षिका. म्हणजे आपल्याकडच्यासारखंच, अभ्यास कर आणि नीट बोल असं सांगणारं घर. तरीही पोरगा सतराव्या वर्षी दोन मित्रांबरोबर निघाला, कॅन्सस सिटीत दुकानं लुटली, बंद पडलेलं पिस्तूल दाखवून गाडी पळवली. शिक्षा झाली 10 वर्षांची. एकविसाव्या वाढदिवशी, 18 ऑक्टोबर 1947 ला तो सुधारगृहातून बाहेर पडला. मग मोटारींच्या कारखान्यात काम, सुतारकाम, आणि केशरचनेचं रीतसर शिक्षण. केसांच्या बाबतीत तो शेवटपर्यंत जागरूक होता हे त्याच्या फोटोंवरून कळतंच.

31 डिसेंबर 1952 च्या संध्याकाळी जॉनी जॉन्सन या पियानोवाल्याच्या त्रिकुटातला सॅक्सोफोन वाजवणारा आजारी पडला. नवीन वर्षाची रात्र, दुसरं कोण मिळणार? जॉन्सननं बेरीला बोलावलं. नदीपलीकडे ईस्ट सेंट लुईसमध्ये कॉस्मोपॉलिटन क्लब होता, श्रोते बहुतेक काळे. त्यांच्यासमोर हा गडी गोऱ्या शेतकऱ्यांची गाणी म्हणू लागला. लोक आधी हसले, मग नाचायला उठले, आणि पुढे तेच ऐकायला गर्दी करू लागले. बँड जॉन्सनचा होता. काही महिन्यांत तो बेरीचा झाला. हे वाक्य इथे लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

आता गिटारकडे वळू. माझ्या पिढीतल्या अनेकांसारखा मी बेरीकडे बीटल्सच्या कॅसेटवरून पोचलो. गाण्याखाली बारीक अक्षरात 'बेरी' लिहिलेलं असायचं. त्याचं मूळ वाजवणं कानावर पडलं तेव्हा पहिली अडचण आली ती पट्टीची. गिटार शिकणारा माणूस ई नाहीतर ए या पट्टीत सुखी असतो, कारण तिथे मोकळ्या तारा आयत्या मिळतात. बेरीचं 'जॉनी बी. गूड' आहे बी फ्लॅटमध्ये, आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच. मोकळी तार जवळजवळ कामाची नाही, सगळं बोटांनी दाबूनच काढायचं. हा हट्ट कशासाठी? तर त्याच्या सगळ्या संगीताचा पाया पियानोवाल्याबरोबर घातला गेला होता, आणि पियानो-सॅक्सोफोनवाल्यांना या पट्ट्या हाताच्या असतात. जॉन्सनची बोटं जिथे सहज पडायची तिथे बेरीला आपली बोटं न्यावी लागली.

आणि नुसती पट्टीच नाही. बुगी-वुगी वाजवणाऱ्या पियानोवाल्याचा डावा हात खालच्या सुरांवर एक अखंड, डुलती चाल धरून असतो. बेरीनं ती चाल उचलून गिटारच्या जाड तारांवर ठेवली. पहिलं बोट एका जागी घट्ट, करंगळीच्या शेजारचं बोट किंवा करंगळी लांबवर जाऊन परत, पुन्हा जाऊन परत. दोन मिनिटांत मनगट भरून येतं. बेरीचे पंजे प्रचंड मोठे होते, त्याला ते सोपं गेलं असेल. आमच्यासारख्यांना करंगळी ताणून ताणून रडू यायचं. वरच्या बारीक तारांवर मात्र तो एकेक सूर न वाजवता एकाच बोटानं दोन तारा आडव्या दाबून दोन सूर एकदम काढतो. त्यातला एक किंचित ओढून दुसऱ्याला जाऊन भिडवतो. जुन्या ब्लूजमध्ये हे होतंच, टी-बोन वॉकर हा गिटारवाला हे करायचा. बेरीनं त्याचा वेग वाढवला आणि ते गाण्याच्या तोंडावर आणून बसवलं. त्याच्याआधी गिटार गाण्याच्या मध्ये येऊन आपलं काम करून जायची. त्याच्या गाण्यात तीच आधी बोलते, आणि गायकानं एक ओळ म्हटली की तिला उत्तर देते.

शब्दही त्याचेच. तिशी उलटलेला बाप माणूस शाळेची घंटा, वर्गातली कंटाळवाणी दुपार, नव्या गाडीचं वेड, नाण्यावर वाजणाऱ्या तबकड्या यांवर लिहीत होता, आणि एवढं नेमकं की सोळा वर्षांच्या पोरांना तो आपल्यातलाच वाटायचा. यात भाबडेपणा अजिबात नव्हता. कुणाच्या खिशात नवे पैसे खुळखुळताहेत हे त्यानं पाहिलं होतं. 'जॉनी बी. गूड'मधला झोपडीत राहणारा, लिहिता-वाचता न येणारा पण गिटार वाजवणारा मुलगा मूळ शब्दांत काळा होता. रेडिओवर गाणं लागायला हवं म्हणून बेरीनं तो रंग काढून त्याला नुसता खेड्यातला मुलगा केला. 'गूड' हे आडनाव त्याच्या जन्माच्या घराच्या रस्त्याचं. हे गाणं 1958 चं.

याच गाण्यामुळे त्याची आणि आपली एक अजब गाठ पडली आहे. 1977 साली व्हॉयेजर या दोन अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली गेली, तीत जगभरातलं निवडक 27 तुकड्यांचं संगीत आहे. सातव्या क्रमांकावर चक बेरी. पंचविसाव्या क्रमांकावर केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो', भैरवी. निवड करताना ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या मोठ्या संग्राहकानं बेरीच्या गाण्याला विरोध केला होता, की हे पोरकट आहे. निवड समितीचा प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन म्हणाला, पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. केसरबाईंच्या बाबतीत असा वाद झाला नाही. रॉबर्ट ब्राऊन या अभ्यासकानं तीच रेकॉर्ड हवी म्हणून धरून ठेवलं होतं. अडचण वेगळीच होती, तबकडी कुठे मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय दुकानात, जिथे घरगुती उपकरणं विकली जायची, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली.

लोकांना यात गंमत वाटते ती दोन टोकांची. कुठे फोंड्याजवळच्या केरी गावची, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतलेली गायिका, आणि कुठे एका पायावर बदकासारखा सरकत गिटार वाजवणारा अमेरिकन. मला ही दोन माणसं एकमेकांच्या शेजारची वाटतात. केसरबाईंच्या बिदागीचे आकडे, बैठकीच्या अटी आणि आयोजकांशी त्यांचं वागणं यांच्या कथा जुन्या रसिकांकडून किती ऐकल्या आहेत. रेडिओपासून त्या लांब राहिल्या, ध्वनिमुद्रणं मोजकीच दिली, शिष्या केली ती एक, धोंडूताई कुलकर्णी. आपलं गाणं कुणीही उचलून न्यावं हे त्यांना मंजूर नव्हतं. ज्या समाजातून त्या आल्या तिथे गाणाऱ्या बाईला ऐकायचं सगळ्यांनी आणि मान द्यायचा कुणीच नाही, अशी पद्धत होती. त्यांनी मान आधी घेतला. त्यांच्याबद्दल 'तऱ्हेवाईक' हा शब्द वापरताना आपली जीभ जशी चटकन वळते, तशीच बेरीबद्दल तिकडच्यांची वळते.

फरकही आहे, आणि मोठा आहे. केसरबाईंनी गाणं कुलपात ठेवलं, 1960 च्या दशकात तर जाहीर गायनच थांबवलं. बेरीच्या हातून गाणं केव्हाच निसटलं होतं. 1961 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्टेशनवर पुढे रोलिंग स्टोन्स या बँडमधून गाजलेले मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स भेटले ते जॅगरच्या काखेतल्या तबकड्यांमुळे. त्यांत एक बेरीची होती. रोलिंग स्टोन्सचं पहिलं गाणं बेरीचं. बीटल्सनी त्याची गाणी गायली. बीच बॉइजनी 'सर्फिन यूएसए' करताना त्याची चाल जशीच्या तशी घेतली, मग वाद टाळण्यासाठी हक्क द्यावे लागले.

आणि ही सगळी पोरं त्याच्या गाण्यांवर मोठी होत असताना तो तुरुंगात होता. 1959 च्या शेवटी त्याला अटक झाली. चौदा वर्षांच्या एका मुलीला अनैतिक हेतूनं राज्यांच्या सीमा ओलांडून आणल्याचा आरोप होता. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाची वर्णद्वेषी भाषा इतकी उघड होती की निकाल वरच्या कोर्टानं फिरवला. दुसऱ्या खटल्यातही दोषी ठरला आणि सुमारे दीड वर्ष आत राहिला. न्यायाधीश वर्णद्वेषी होता म्हणून मुलीचं वय वाढत नाही. पुढे 1990 मध्ये त्याच्या उपाहारगृहाच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात कॅमेरा लावल्याचा आरोप अनेक स्त्रियांनी केला, त्यानं तो नाकारला, प्रकरण पैसे देऊन मिटलं. त्याची गिटार ऐकताना मी हे विसरत नाही. विसरावं असंही मला वाटत नाही.

तुरुंगात त्यानं नकाशाचं पुस्तक मागून घेतलं आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या मुलाचं 'प्रॉमिस्ड लँड' हे गाणं लिहिलं. माझ्या मते त्याच्या शब्दांची ही सर्वांत उंच जागा. लोकांनी मात्र त्याला अमेरिकेच्या पॉप गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एकदाच नेलं, 1972 साली, 'माय डिंग-ए-लिंग' नावाच्या चावट गाण्याला. ते मुळात त्याचं नव्हेच, आणि त्यात गिटार असून नसल्यासारखी. रोख पैशांची सवयही अंगाशी आली. 1979 च्या जूनमध्ये त्यानं व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यासमोर वाजवलं, आणि पुढच्याच महिन्यात करचुकवेगिरीबद्दल त्याला 120 दिवसांची शिक्षा झाली.

1986 साली त्याच्या साठीनिमित्त कीथ रिचर्ड्सनं सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये मोठा कार्यक्रम जुळवून आणला. याच थिएटरच्या तिकीट खिडकीवरून लहानपणी बेरीला वडिलांसह परत पाठवलं होतं, रंगामुळे. तालमींचं चित्रण झालं, ते आजही बघायला मिळतं. 'कॅरल' गाणं चाललंय. कीथ सुरुवात वाजवतो, बेरी थांबवतो. तार ओढायची जागा चुकतेय. पुन्हा. पुन्हा थांबवतो. जगातला एक अतिशय श्रीमंत गिटारवादक, जो हे गाणं वीसेक वर्षं वाजवत आलाय, दात-ओठ खात मान खाली घालतो आणि शाळकरी पोरासारखा परत सुरू करतो. पूर्वी एकदा बेरीच्या गिटारला हात लावला म्हणून त्यानं बेरीचा ठोसाही खाल्ला होता. मी तो प्रसंग बघतो तेव्हा बेरीचा खडूसपणा दिसतो, पण त्याआधी हे दिसतं की त्याचं बरोबर आहे. ती ओढ खरंच थोडी उशिरा सुरू होते.

कीथनं त्या कार्यक्रमासाठी जॉनी जॉन्सनला शोधून आणलं. नववर्षाच्या रात्री बेरीला बोलावणारा हा माणूस तेव्हा सेंट लुईसमध्ये वृद्ध नागरिकांची बस चालवत होता. त्याचं वाजवणं नव्यानं ऐकल्यावर अनेकांना उमगलं की बेरीच्या गिटारीतलं अर्धं बोलणं याच्या पियानोतून आलंय. 2000 साली जॉन्सननं दावा लावला, की पन्नासहून अधिक गाण्यांचं संगीत दोघांचं आहे, मला त्यातला वाटा द्या. दोन वर्षांनी कोर्टानं तो फेटाळला. गाणी कुणाची यावर निकाल झालाच नाही, फार उशीर झाला एवढ्यावर तो निघाला. आपल्याकडे सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोवेकर मंडळींनी हिंदी चित्रपटांच्या गाण्यांचं केवढं वाद्यसंयोजन केलं, पण पडद्यावर ठळक नाव संगीतकाराचं. त्यामुळे मला या दाव्याचं आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढ्याचं, की ज्याला 'मेबलीन'च्या कागदावर दोन उपरी नावं दिसली होती, त्याला तिथे नसलेलं तिसरं नाव कधी दिसलं नाही.

आणि आणखी एक नाव आहे, कार्ल होगन. लुई जॉर्डन या गायक-सॅक्सोफोनवादकाच्या बँडमधला गिटारवाला. 1946 सालच्या जॉर्डनच्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन' या तबकडीची सुरुवात ऐका, 'जॉनी बी. गूड'चं तोंड तिथे जवळजवळ सुरासुरानं आहे. बेरीनं हे लपवलं नाही, होगनचं नाव मुलाखतींत स्वतःहून घेतलं. दोन्ही तबकड्या एकामागोमाग लावून बघा. होगनचे सूर एकेक, मोकळे, थोडे लाजरे, आणि मागून बँड आला की ते बाजूला होतात. बेरीचा आवाज फाटका आहे, आणि बँड आला तरी तो बाजूला होत नाही.